जवळा, टोळ आणि प्रोटीनची पावडर

मंडळी, किड्यांपासून प्रोटीन पावडर करणारी कंपनी म्हटलं की सभागृहात आधी हसू फुटतं, आणि मग मागच्या रांगेतून कुणीतरी 'ईऽऽ' म्हणतं. आज आपण त्या 'ईऽऽ'चाच इतिहास बघणार आहोत.

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत कुठल्याही जिमशेजारच्या दुकानात जा, पावडरीचे डबे रचलेले दिसतात. कुठे दुधाच्या निवळीची, म्हणजे व्हेची, कुठे सोयाबीनची, कुठे वाटाण्याची. त्यांच्या शेजारी रातकिड्यांची किंवा अळ्यांची पावडर ठेवायची, ही कल्पना घेऊन गेल्या दहा-पंधरा वर्षांत जगभर कंपन्या निघाल्या. आपल्याकडे बेंगळुरूची लूपवर्म ही २०१९ सालची. रेशमाचे किडे आणि काळ्या सैनिक माशीच्या अळ्या हा तिचा कच्चा माल. २०१३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं खाद्य कीटकांवर मोठा अहवाल काढला, तिथून या उद्योगाला खरी हवा मिळाली. पण कल्पना त्याहून फार जुनी. 'कीटक का खाऊ नयेत?' असं विचारणारी पुस्तिका व्हिन्सेंट होल्ट या इंग्रज गृहस्थानं १८८५ साली लिहिली. गरिबांनी शेतातली कीड वेचून खावी, पोटही भरेल आणि पीकही वाचेल, असा त्याचा हिशोब. लोकांनी पुस्तिका वाचली, हसले आणि सोडून दिली.

आता होल्टला इंग्लंडमध्ये जे पटवावं लागत होतं, ते बस्तरमध्ये कुणाला पटवावं लागत नाही. तिथे तांबड्या मुंग्यांची चटणी बाजारात पानाच्या द्रोणात मिळते. ओडिशातल्या मयूरभंजच्या अशाच चटणीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आसामात एरी रेशमाचा कोश सोडवला की आतला किडा स्वयंपाकघरात जातो. म्हणजे 'भारतीय माणूस किडे खात नाही' हे वाक्य आपण मुंबईत बसून बोलतो, आणि भारतीय म्हणजे आपणच असं धरून बोलतो.

मुंबईचं नाव लावणारा एक किडा मात्र आहे, आणि तो शत्रू म्हणून प्रसिद्ध आहे. 'बॉम्बे लोकस्ट', मुंबई टोळ. १९०३-०४ मध्ये या टोळांनी मुंबई इलाख्यात धुमाकूळ घातला. सरकारी कीटकशास्त्रज्ञ मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी त्यावर तपास करून १९०६ साली सविस्तर प्रबंध प्रसिद्ध केला. सरकारच्या लेखी टोळ म्हणजे संकट, आणि संकट मारायचं असतं. आपल्या कायद्यानंही तोच सूर धरलेला आहे. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात 'असुरक्षित अन्न' कशाला म्हणावं याची यादी आहे. अळ्या, सोंडे, किडे लागलेलं अन्न त्या यादीत आहे. आपल्या कायद्याच्या भाषेत किडा येतो तो अन्न बिघडल्याची खूण म्हणून. नव्या कंपनीला पहिली झुंज द्यावी लागते ती या जुन्या व्याख्येशी.

पण मंडळी, किड्याच्या अगदी जवळचा नातलग आपल्या उपनगरात पिढ्यानपिढ्या खाल्ला जातोय. जवळा! वर्सोवा, मढ, मनोरी, गोराई. या कोळीवाड्यांत डोल जाळी लागतात. भरती-ओहोटीच्या ओढीत तोंड उघडून बसलेली ही पिशवीसारखी जाळी, आणि त्यांत सापडणारा हा नखाएवढा जीव. सांधेदार पाय, कवच, मिशा, काळे टिपके डोळे, सगळं सगळं असतं. आणि आपण तो पायांसकट, डोळ्यांसकट खातो. प्राणिशास्त्रज्ञ तर आता असं सांगतात की कीटक ही कवचधारी प्राण्यांच्या वंशातूनच फुटलेली शाखा आहे. कोळ्याला म्हणजे जाळं विणणाऱ्या कोळ्याला, वर्सोव्याच्या नव्हे, रातकिडा जितका जवळचा, त्याहून कोळंबीला तो अधिक जवळचा.

जवळा उन्हात पसरून वाळवतात. वाळला की वजनाच्या निम्म्याहून जास्त प्रथिनं. पावसाळ्यात होड्या बंद, मासळी महाग. तेव्हा कांद्यावर परतलेला मूठभर जवळा आणि भाकरी यावर घरं चाललेली आहेत. वांग्यात घाला, चटणी करा. डबा लागत नाही, चमचा मोजावा लागत नाही. कोळीणमावशी टोपलीतून मापानं घालते आणि वर थोडा जास्त टाकते. आमच्या मते उपनगरातली सगळ्यात जुनी प्रोटीन पावडर हीच. फक्त ती दळलेली नाही. या जवळ्याला 'ईऽऽ' म्हणणारेही होते आणि आहेत. घाटकोपर-मुलुंडच्या अनेक सोसायट्यांत सुकी मासळी भाजली की खिडक्या लागतात. म्हणजे किळस जिभेवर जन्मत नाही, ती घरातून, जातीतून, शेजारातून येते.

आता पावडरीकडे वळू. दुसऱ्या महायुद्धानंतर जगातल्या तज्ज्ञांना वाटू लागलं की गरीब देशांची मुख्य अडचण म्हणजे प्रथिनांची तूट. मग सुरू झाला पावडरींचा काळ. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं शेंगदाण्याची पेंड आणि हरभऱ्याचं पीठ एकत्र करून 'बहुउद्देशीय अन्न' तयार केलं. अमेरिकेत अख्खा मासा दळून, चरबी काढून पांढरी, बिनवासाची भुकटी केली. गंमत बघा, अमेरिकेच्या अन्न खात्यानं ती सुरुवातीला अडवली, कारण त्यात डोकी आणि आतडी येतात, हे ओंगळ आहे! जी भुकटी उपाशी देशांना पाठवायची, ती स्वतःच्या बाजारात नको. शेवटी १९६७ साली परवानगी दिली, तीही एक पौंडाच्या आतल्या पाकिटांतच. धंदा काही उभा राहिला नाही. १९६८ मध्ये तर संयुक्त राष्ट्रांनी येऊ घातलेल्या प्रथिन-संकटाचा इशारा देणारा अहवालच काढला.

या सगळ्या गजरात 'थांबा' म्हणणाऱ्यांत एक मराठी माणूस होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, संख्याशास्त्रज्ञ. १९५१ पासून १९७० पर्यंत रोममध्ये अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचं काम त्यांनी सांभाळलं, नंतर पुण्यात आले. त्यांचं म्हणणं साधं होतं. ज्याला पोटभर भाकरी-डाळ मिळते त्याला बहुधा प्रथिनंही पुरेशी मिळतात. ज्याचं पोटच भरत नाही त्याला पावडर दिली, तर शरीर ती प्रथिनं सरपणासारखी जाळून टाकतं. चुलीत लाकूड नाही म्हणून घरातलं कपाट फोडून घालावं, तसं. तूट अन्नाची आहे, एकट्या प्रथिनांची नव्हे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन यांचे अभ्यासही त्याच दिशेनं गेले. १९७४ मध्ये डोनाल्ड मॅकलॅरन यांनी लॅन्सेटमध्ये या सगळ्या प्रकरणाला 'प्रथिनांचा महाफज्जा' अशा अर्थाचं नावच देऊन टाकलं.

सुखात्म्यांचं पुढचं सगळंच आम्ही उचलून धरणार नाही. शरीर कमी अन्नाशीही जुळवून घेतं, म्हणून उपाशी माणसांची संख्या मानतात तेवढी नाही, असं ते मांडू लागले, तेव्हा पुण्यातलेच वि. म. दांडेकर त्यांच्याशी जाहीर भांडले. ते भांडण मुळातून वाचण्यासारखं आहे. उपाशी कुणाला म्हणायचं, याचा निकाल आकड्यांच्या आड लागत होता, आणि त्या निकालावर रेशनची माणसं ठरणार होती. पण पावडरीबद्दलचा त्यांचा पहिला मुद्दा टिकला.

म्हणून आज एखादी कंपनी 'जगाची भूक मिटवू' म्हणत किड्यांची पावडर आणते, तेव्हा आम्हाला पन्नास वर्षांपूर्वीचाच आवाज ऐकू येतो. ती पावडर जिममधल्या तरुणासाठी असेल तर तसं सांगावं, त्यात काही वाईट नाही. डब्यावर तपकिरी त्रिकोण येईल, हे मात्र उपनगरातल्या मोठ्या शाकाहारी गिऱ्हाइकाला लपवता येणार नाही. आणखी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. प्रथिनांचा आकडा बहुधा नायट्रोजन मोजून, त्याला ६.२५ नं गुणून काढतात. किड्याच्या कवचातल्या कायटिनमध्येही नायट्रोजन असतो, त्यामुळे आकडा फुगतो. अळ्यांसाठी ४.७६ नं गुणावं असं २०१७ साली संशोधकांनी सुचवलं. म्हणजे डब्यावरचे सत्तर टक्के प्रत्यक्षात साधारण त्रेपन्न. आणि ज्यांच्या अंगावर कोळंबी खाल्ली की पित्त उठतं, त्यांनी तर दूरच राहावं. अ‍ॅलर्जी करणारं एक प्रथिन दोन्हींत सारखं आहे. नातं असं कुठेतरी उघडं पडतंच.

धंद्याचं म्हणाल तर फ्रान्सच्या इन्सेक्ट या कंपनीनं पिवळ्या अळ्यांवर प्रचंड भांडवल उभं केलं, आणि २०२४ मध्ये तिला कोर्टाच्या संरक्षणाखाली जावं लागलं. माणसाच्या ताटापर्यंतचा रस्ता लांब आहे. जनावरांच्या खाद्याचा रस्ता जवळचा. युरोपनं २०१७ पासून माशांच्या खाद्यात कीटकांची प्रथिनं चालू दिली, २०२१ पासून कोंबड्या-डुकरांच्याही. आपल्याकडे रेशीम काढून उरलेले किडे कोंबड्यांना नि माशांना घालणं काही नवं नाही.

आणि इथे आपण परत वर्सोव्याला येतो. समुद्रातून निघणारी बारीक मासळी बरीचशी माणसाच्या पोटात जातच नाही. ती वाळवून, दळून कोंबड्यांच्या आणि तळ्यातल्या कोळंबीच्या खाद्यात जाते. कोळीणमावशीच्या टोपलीशी स्पर्धा या खाद्याची आहे. वाळवायची जागा आक्रसत चाललीय ती वेगळीच. अळ्यांची भुकटी जर त्या खाद्याची जागा घेऊ शकली, तर थोडी बारीक मासळी माणसांसाठी सुटेल. तेवढं स्वस्त खाद्य या कंपन्या करू शकतील का, हा पुढचा प्रश्न. वर्सोव्यालाच केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, १९६१ सालची. माशांनी काय खावं याचा अभ्यास करणारी माणसं तिथे आहेत, आणि कोळीवाडा तिथून फार लांब नाही.

चला, आता प्रश्न घेऊ. मघाशी 'ईऽऽ' कोण म्हणालं, त्यांच्यापासून सुरुवात करू या.