वाऱ्यावर जगणारा सरडा

मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आमच्या विरारच्या इमारतीतला एक मुलगा दारात येऊन उभा राहिला. आता कॉलेजात आहे. आठवी-नववीत मी त्याला विज्ञान शिकवलं होतं. हातात बुटांचं खोकं, खोक्याला पेनाने पाडलेली भोकं.

"सर, याचे डोळे बघा ना."

खोक्यात शॅमेलिऑन होता. आपला नव्हे, येमेन आणि सौदी अरेबियात सापडणारा, डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंच कंगोरा असलेला. इंग्रजीत त्याला 'व्हेल्ड' म्हणजे बुरखेवाला म्हणतात. पाळीव प्राण्यांच्या बाजारात जगभर हाच जास्त विकला जातो. फांदीला घट्ट धरून बसला होता आणि दोन्ही डोळे मिटलेले. डाव्या डोळ्याचा घुमट फुगून उजव्याच्या दीडपट झाला होता.

"किती दिवस झाले?"

"चार. आधी एकच मिटायचा. मला वाटलं झोपतोय."

शॅमेलिऑन दिवसा झोपत नाही. दिवसाउजेडी त्याने डोळे मिटले तर काहीतरी मोठं बिघडलंय असंच समजायचं. हे मला ठाऊक होतं, कारण असा मिटलेल्या डोळ्यांचा एक शॅमेलिऑन मी बाराव्या वर्षी पाहिला होता. तो माझ्याच हातून मेला.

ती गोष्ट १९९२ची. तेव्हा वसई-विरार महापालिका नव्हती, पालघर जिल्हा तर २०१४मध्ये झाला. आम्ही ठाणे जिल्ह्यातले. नालासोपाऱ्याच्या बाजारात पोपट आणि मुनिया विकणारा एक जण बसायचा. त्याच्या टोपलीत एकदा हिरवागार सरडा दिसला. खाऊच्या साठवलेल्या पैशांत मी तो घेतला. तो आपल्याकडचा, भारतीय शॅमेलिऑन होता. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडणं, विकणं, पाळणं हा गुन्हा होता आणि आजही आहे. घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. आपल्या भाषेत कुंपणावरचा मान हलवणारा तो सरडा आणि हाही सरडाच. म्हणींनी दोघांना एकत्र बांधून टाकलंय. खरं तर पायाच्या चिमट्यांनी फांदी धरणारा, शेपटीचं वेटोळं करणारा आणि दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा हा प्राणी अगदी वेगळा.

मला वेड लावलं ते त्या डोळ्यांनीच. एक डोळा माझ्याकडे, दुसरा मागे खिडकीकडे. शाळेतली पोरं ते बघायला घरी यायची. खायला मी झुरळं आणि ट्यूबलाइटखाली पडलेले किडे द्यायचो. दोन-अडीच महिन्यांनी डोळे चिकटायला लागले. मग मिटले.

आई आरोग्य उपकेंद्रात नर्स होती. त्याच वर्षी जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली होती आणि जिल्ह्यातल्या सगळ्या आरोग्य कर्मचाऱ्यांची धावपळ चालली होती. तिच्या पिशवीत जीवनसत्त्व 'अ'ची बाटली असायची. मुलांची नजर जाऊ नये म्हणून हे औषध देतात, एवढं मी ऐकून होतो. डोळ्यांचं औषध आहे तर डोळे मिटलेल्याला द्यावं, असा माझा सरळ हिशेब. सलग पाच दिवस त्याचा जबडा उघडून रोज एक थेंब टाकला. सहाव्या दिवशी तो फांदीवरून खाली पडलेला सापडला.

तो कशाने मेला हे कळायला मला बरीच वर्षं लागली. शोधत शोधत गेलो तेव्हा या प्राण्याच्या डोळ्याचा इतिहास हाती लागला. तो मोठा विचित्र इतिहास आहे. सव्वादोन हजारांहून जास्त वर्षं माणसं या डोळ्याकडे थक्क होऊन बघत आली, पण हा डोळा ज्याचा आहे तो जगतो कशावर, या प्रश्नाला ती पुन्हा पुन्हा फसली.

सुरुवात ॲरिस्टॉटलपासून. इसवी सनपूर्व चौथ्या शतकात त्याने शॅमेलिऑनचं जे वर्णन केलं त्यात डोळा अगदी नेमका आहे: मोठा, गोल, अंगासारख्याच कातडीने झाकलेला, मधोमध फक्त बघण्यापुरती उघडी जागा, आणि सगळ्या दिशांना फिरणारा. पुढे पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलं, की हा प्राणी खात नाही, पीत नाही, वाऱ्यावर जगतो. तासन् तास तोंड उघडं ठेवून बसणारा आणि क्षणात जीभ फेकून किडा गिळणारा प्राणी बघून असं वाटणं शक्य आहे. पण ही समजूत दीड हजार वर्षांहून अधिक काळ टिकली. १६४६मध्ये इंग्लंडच्या थॉमस ब्राउन या वैद्याने लोकांच्या चुकीच्या समजुतींवर ग्रंथ लिहिला, त्यात त्याला या वाऱ्याच्या गोष्टीसाठी आख्खं प्रकरण खर्च करावं लागलं.

आपल्याकडेही या प्राण्याकडे बारकाईने बघणारा एक माणूस होऊन गेला. जहांगीरच्या दरबारातला चित्रकार उस्ताद मन्सूर. त्याने १६१२च्या सुमारास काढलेलं शॅमेलिऑनचं चित्र आज इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. कातडीचा दाणा न् दाणा, डोळ्याच्या घुमटावरच्या वळ्या, फांदी धरलेली बोटं. शरीररचनेच्या पुस्तकात छापावं असं ते चित्र आहे.

पॅरिसमध्ये इजिप्तहून आलेल्या एका शॅमेलिऑनचं क्लोद पेरो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आधी जिवंतपणी निरीक्षण केलं आणि मेल्यावर विच्छेदन. १६६९मध्ये ते छापून आलं. एक डोळा पुढे असताना दुसरा मागे जातो हे त्यांनी नोंदवलं आणि तो माश्या खातो हेही. त्याच शहरात मादलेन द स्क्युदेरी या कादंबरीकार बाईंनी घरात शॅमेलिऑन पाळले आणि १६८८मध्ये त्यांच्यावर लेख प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेतला नमुना म्हणून नव्हे, तर स्वभाव असलेला सोबती म्हणून त्यांच्याकडे बघणाऱ्या या बाई. लळा लावून शॅमेलिऑन पाळणाऱ्यांची परंपरा सांगायची तर तिथपासून सांगावी लागेल. १७०४मध्ये न्यूटनने प्रकाशावरच्या ग्रंथाच्या शेवटी जे प्रश्न मांडले त्यांतल्या एकातही शॅमेलिऑन येऊन जातो: दोन डोळ्यांनी दोन दिशांना बघणाऱ्या प्राण्यांत डोळ्यांच्या नसा एकमेकींना भेटत नसाव्यात, असं तो म्हणतो. पण 'मला मिळालेली माहिती बरोबर असेल तर', अशी पुस्तीही जोडतो. माहिती बरोबर नव्हती. पण न्यूटनलाही हा डोळा टाळता आला नाही, हे खरं.

विसाव्या शतकात या डोळ्याचं खरं काम उलगडलं. १९७७मध्ये लिंडसे हार्कनेस यांनी दाखवलं, की भक्ष्य किती लांब आहे हे शॅमेलिऑन दोन डोळ्यांची तुलना करून नव्हे, तर कॅमेऱ्यासारखं फोकस करून ओळखतो. एकेका डोळ्याला ते जमतं. १९९५मध्ये ऑट आणि शेफेल यांना त्याच्या डोळ्यात बहिर्गोल नव्हे तर अंतर्गोल भिंगासारखं काम करणारं भिंग सापडलं. त्यामुळे पडद्यावरची प्रतिमा मोठी होते, जणू दुर्बीणच. पाळणाऱ्याने यातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची. जिभेचा नेम डोळ्यावर आहे. डोळा मिटला की शिकार संपली. म्हणजे या प्राण्यात डोळ्याचं दुखणं आणि उपासमार वेगळी नसतात.

आणि आजारी पडायला हा डोळा फार सोयीचा आहे. पापण्या जुळून एकच कातडी झालेली, मध्ये बारीक भोक. कातडीखाली धुळीचा कण, कातेचा तुकडा अडकला तर तो डोळा गरागरा फिरवून, फुगवून बाहेर काढतो. त्यासाठी ओलावा लागतो. शॅमेलिऑन वाटीतलं पाणी सहसा ओळखत नाही, पानावरचे थेंब चाटतो. पाणी कमी पडलं की डोळे आत ओढल्यासारखे दिसतात. जंतू शिरले की घुमट फुगतो, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू वाहून जात नाही, पनीरसारखा घट्ट होऊन बसतो. पण वरवर डोळ्याचे दिसणारे कितीतरी आजार मुळात डोळ्याचे नसतातच.

इथे माझ्या आईच्या बाटलीची गोष्ट येते. १९१३मध्ये अमेरिकेत एल्मर मॅककॉलम आणि मार्गरीट डेव्हिस यांना लोण्यात आणि अंड्याच्या बलकात असा एक घटक सापडला, की ज्याच्याशिवाय उंदरांची वाढ थांबते. तेच पुढे जीवनसत्त्व 'अ' ठरलं. १९३३मध्ये जॉर्ज वॉल्डने ते डोळ्याच्या पडद्यातच असल्याचं दाखवलं. १९७०मध्ये भारत सरकारने लहान मुलांचं अंधत्व टाळण्यासाठी दर सहा महिन्यांनी त्याचा मोठा डोस द्यायचा कार्यक्रम सुरू केला. वॉल्डला नोबेल मिळालं १९६७मध्ये. त्याच वर्षी एल्कन आणि झ्वार्ट या दोघांनी पाळीव कासवांच्या पिल्लांवर निबंध लिहिला. पिल्लांचे डोळे सुजून मिटत होते, ती खायची थांबून मरत होती. कारण निघालं जीवनसत्त्व 'अ'ची कमतरता. अश्रू बनवणाऱ्या ग्रंथींचं मऊ अस्तर कडक होतं, नळ्या तुंबतात, डोळा फुगतो. पुढे शॅमेलिऑनमध्येही हेच दिसलं. टेक्ससमध्ये गॅरी फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवर वर्षानुवर्षं प्रयोग करून १९९६मध्ये दाखवलं, की जीवनसत्त्व 'अ', 'ड' आणि अतिनील किरण यांचा तोल एकमेकांवर अवलंबून असतो. 'अ' कमी पडलं तरी धोका, जास्त झालं तरी धोका.

आता माझा १९९२चा हिशेब मांडतो. त्या औषधाच्या एका मिलिलिटरमध्ये एक लाख एकक असतात. मिलिलिटरचे वीस थेंब धरले तर एका थेंबात पाच हजार. एक वर्षावरच्या मुलाला एका वेळी दोन लाख देतात. दहा किलोचं मूल धरलं तर किलोला वीस हजार. माझा सरडा साठ ग्रॅमचा धरला, तर एका थेंबात त्याला किलोमागे ऐंशी हजारांच्या वर गेले. मुलाच्या चौपट. असे पाच दिवस, म्हणजे वीसपट. मुलाला ते सहा महिन्यांतून एकदा मिळतं. औषध बरोबर असेलही, पण मी दिलं ते विष होतं. आईला मी हे कधी सांगितलं नाही. बाटलीतलं औषध कमी झालेलं तिला कळलं असेल का, हे विचारायचं राहून गेलं.

त्या मुलाला मी हे सगळं सांगितलं, कारण तो मोबाइलवर वाचून मेडिकलमधून डोळ्यांचे थेंब आणायच्या बेतात होता. त्यात स्टेरॉइड असतं आणि बुबुळावर जखम असती, तर डोळाच गेला असता. "डॉक्टरकडे जाऊ," म्हटलं तर तो गप्प. भीती वेगळीच होती. वन्यजीव कायद्यातल्या दुरुस्तीनंतर २०२४च्या फेब्रुवारीत नियम आले. आंतरराष्ट्रीय यादीतल्या परदेशी प्राण्यांची सरकारी पोर्टलवर सहा महिन्यांत नोंद करायची होती. शॅमेलिऑन त्या यादीत आहे. याने नोंद केली नव्हती, विकणाऱ्याने कागद दिला नव्हता. नियम प्राण्यांच्या चोरट्या व्यापाराला आळा घालायला आहेत आणि ते हवेतच. पण कागद नाही म्हणून जनावर खोक्यात आंधळं होऊ द्यायचं का? दुसऱ्या दिवशी गर्दी ओसरल्यावर आम्ही विरार लोकल पकडली.

मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय १८८६मध्ये निघालं तेव्हा त्या विद्येचे रुग्ण म्हणजे घोडे आणि बैल. आज या शहरात सरडा तपासणारे डॉक्टर आहेत, पण ते शोधावे लागतात. आम्हाला भेटलेल्या डॉक्टरबाईंनी डोळ्यांकडे बघण्याआधी पाच मिनिटं नुसते प्रश्न विचारले. पिंजरा काचेचा की जाळीचा? पाणी कसं देता? दिवा कुठला, किती जुना? मुलगा म्हणाला, खिडकीतून ऊन येतं की. त्या म्हणाल्या, काचेतून ऊब येते, लागणारे किरण काच अडवते. मग त्यांनी विचारलं,

"खायला काय?"

"रातकिडे. डबा आणतो दुकानातून."

"आणि रातकिडे काय खातात?"

मुलाला प्रश्नच कळला नाही. "ते कशाला खातील? चार-पाच दिवसांत संपतात ना."

मला तिथल्या बाकावर बसल्या बसल्या प्लिनी आठवला. डब्यात उपाशी ठेवलेला रातकिडा म्हणजे टरफलात भरलेला वारा. किड्यांच्या अंगात जीवनसत्त्व 'अ' मुळात नगण्य. जे मिळायचं ते त्यांच्या पोटातल्या अन्नातून आणि वर भुरभुरलेल्या मोजक्या पुडीतून. पेरोने माश्या बघितल्या आणि प्रश्न सुटला असं सगळ्यांना वाटलं. माशी काय खाते, हे विचारायला आणखी तीनशे वर्षं लागली. मी झुरळं घालत होतो तेव्हा मीही विचारलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी सलाइनने डोळे धुतले, डाव्यातून तांदळाएवढी घट्ट गाठ काढली, प्रतिजैविकाचे थेंब दिले. जीवनसत्त्वाचा डोस आधी वजन करून, सुईच्या टोकाएवढा. घरी रातकिड्यांना गाजर, भोपळा आणि शेवग्याचा पाला. पिंजऱ्याला जाळी, किरणांचा योग्य दिवा, दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा फवारा. नोंदणीचं काय करता येईल हे विचारायला मुलगा वडिलांबरोबर वनखात्याच्या कार्यालयात जाऊन आला. त्याचं अजून चालू आहे.

उजवा डोळा नवव्या दिवशी उघडला. डावा पुरता उघडला नाही, भोक जरा तिरकं राहिलंय, पण त्या बाजूचा किडाही तो आता टिपतो. परवा संध्याकाळी मी वर गेलो तेव्हा मुलगा गाजर किसत बसला होता. आई ओरडत होती, की किड्यांसाठी किसणी वापरू नकोस. फांदीवरून एक डोळा माझ्याकडे वळला. दुसरा गाजराच्या डब्यावर होता.