पाटी नसलेला दानशूर

आपल्याकडे शाळेच्या पंख्याच्या पात्यावरसुद्धा 'यांच्या स्मरणार्थ' रंगवलेलं असतं. त्यामुळे चक फीनीची गोष्ट सांगावीशी वाटते.

१९३१ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ शहरात, आयरिश वंशाच्या साध्या घरात जन्म. हवाई दलात नोकरी, मग माजी सैनिकांना मिळणाऱ्या सरकारी मदतीवर कॉर्नेल विद्यापीठात हॉटेल व्यवस्थापनाचं शिक्षण. तिथे हा गडी पोरांना सँडविच विकायचा! पुढे युरोपातल्या बंदरांवर अमेरिकन खलाशांना करमुक्त दारू विकली आणि १९६० मध्ये रॉबर्ट मिलरबरोबर हाँगकाँगमध्ये 'ड्यूटी फ्री शॉपर्स' काढलं.

खरं नशीब उघडलं १९६४ ला. जपानने आपल्या नागरिकांना सहलीसाठी परदेशी जायची मोकळीक दिली. प्रवासाहून परतताना साहेबापासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांना भेटवस्तू न्यायची ही जपानी रीत, आणि परदेशी दारू तिकडे महाग. हवाईतल्या दुकानांवर झुंबड उडाली.

एवढा पैसा आला, आणि १९८४ मध्ये फीनीने धंद्यातला आपला जवळजवळ सगळा हिस्सा गुपचूप एका धर्मादाय संस्थेच्या नावे केला. संस्था बर्म्युडात, कारण तिथे हिशेब जाहीर करावे लागत नव्हते. देणगी घेणाऱ्यांना अट एकच, नाव फोडायचं नाही. गंमत बघा, १९८८ मध्ये 'फोर्ब्स'ने त्याला अब्जाधीशांच्या पंक्तीत बसवलं, तेव्हा तो पैसा त्याचा उरलाच नव्हता. कंपनी विकायची वेळ आली तेव्हा कुठे, १९९७ मध्ये, हे जगाला कळलं.

आयर्लंडमधलं लिमरिक विद्यापीठ, व्हिएतनाममधले दवाखाने, कॉर्नेल... एकूण सुमारे ८ अब्ज डॉलर वाटले. स्वतः राहायला भाड्याचं घर, मनगटावर प्लास्टिकचं कॅसिओ घड्याळ.

मला मात्र एक गोष्ट खटकते. हा पैसा आला दारू-सिगारेटवर सरकारला कर न देता केलेल्या विक्रीतून. तो कर भरला गेला असता तर कुठल्या शाळेला किती द्यायचं हे लोकांनी निवडलेल्या सरकारने ठरवलं असतं. इथे ते एकट्या माणसाने ठरवलं, तेही पडद्याआडून. नम्रता खरी, पण जाब विचारायचा तर कोणाला? तरीही, आपल्या हयातीतच सगळं देऊन टाकायचं हा शब्द त्याने पाळला. २०२० मध्ये तिजोरी रिकामी करून संस्था बंद केली. २०२३ च्या ऑक्टोबरात, ९२ व्या वर्षी तो गेला.

त्याच्या पैशातून उभ्या राहिलेल्या शेकडो इमारतींवर त्याच्या नावाची पाटी नाही.