कार्ड गेलंय की ड्रायव्हर? काळ्या स्क्रीनमागची तीस वर्षांची गोष्ट

लोकलमध्ये असाल, बसमध्ये असाल, हेडफोन नीट लावा. आज थेट मुद्द्यावर येतो.

गेम रंगात आलेला असतो आणि अचानक स्क्रीन काळी होते. आवाज मात्र चालूच. दोन-तीन सेकंदांनी चित्र परत येतं, नाहीतर गेमच बंद पडतो. असं आठवड्यात चार वेळा झालं की आपण पीसी उचलून दुकानात नेतो, आणि काउंटरवरचा माणूस पाच मिनिटांत निकाल देतो: "कार्ड गेलंय." पंचवीस-तीस हजारांची वस्तू! घरी कसं सांगायचं हा वेगळाच प्रश्न. कधी कधी कार्ड खरंच गेलेलं असतं. पण कित्येकदा कार्ड ठणठणीत असतं आणि दोष मधल्या सॉफ्टवेअरचा असतो, म्हणजे ड्रायव्हरचा. हा फरक ओळखायचा तर ड्रायव्हरचा इतिहास थोडा माहीत हवा. सेफ मोड, रोलबॅक, जुना ड्रायव्हर पुसून टाकणं, हे जे उपाय आपण डोळे झाकून करतो, त्यातला जवळजवळ प्रत्येक उपाय कुठल्या तरी जुन्या भानगडीतून आलाय.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. विंडोजला कार्डाची भाषा येत नाही, कार्डाला विंडोजची येत नाही. गंमत अशी की हा दुभाषा विंडोजवाल्यांच्या नोकरीत नाही, तो कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा माणूस आहे. म्हणजे बिघाड झाला की दोन्ही कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवायला मोकळ्या.

डॉसच्या जमान्यात हा दुभाषा फारसा नव्हताच. गेम थेट हार्डवेअरशी बोलायचा. त्यासाठी सगळ्यांना समजेल अशी एक बोली लागते, आणि ती मिळाली १९८७ मध्ये, आयबीएमनं पीएस/२ संगणकांबरोबर व्हीजीए आणलं तेव्हा. ६४० बाय ४८० पिक्सेल, १६ रंग. पुढे कार्डं कितीही बदलली तरी ही बोली बोलणं सगळ्यांनी चालू ठेवलं. विंडोज ९५ चा सेफ मोड याच व्हीजीएवर उभा होता. कंपनीचा ड्रायव्हर बाजूला ठेवायचा आणि सगळ्यांना येणाऱ्या बोलीत काम भागवायचं. आज डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडाप्टर' असं नाव दिसतं ना, तो याच कल्पनेचा आताचा वारस. ते नाव दिसलं तर कार्ड गेलंय असं समजू नका. त्याचा अर्थ एवढाच की कंपनीचा ड्रायव्हर चढलेला नाही आणि विंडोज कामचलाऊ दुभाष्यावर भागवतंय.

मग आलं १९९६. या एका वर्षात दोन गोष्टी घडल्या आणि दोन्हींचे परिणाम आपण अजून भोगतोय.

पहिली, थ्रीडीएफएक्स कंपनीचं व्हूडू कार्ड. हे फक्त थ्रीडी चित्रं काढायचं. साध्या डेस्कटॉपसाठी जुनं कार्ड ठेवावंच लागायचं, आणि दोन्ही कार्डं मागून एका केबलनं जोडायची. व्हूडूची स्वतःची भाषा होती, ग्लाइड. क्वेक हा गेम ओपनजीएल भाषेत चालवायचा म्हटल्यावर कंपनीनं काय केलं? पूर्ण ओपनजीएल ड्रायव्हर लिहिण्याऐवजी क्वेकला लागतील तेवढीच फंक्शन्स असलेला मिनीजीएल नावाचा छोटा ड्रायव्हर दिला. एका गेमसाठी ड्रायव्हर! ही सवय पुढे किती वाढली ते सांगतोच. पण आधी व्हूडूचा शेवट ऐका. डिसेंबर २००० मध्ये थ्रीडीएफएक्सनं आपली बहुतेक मालमत्ता एनव्हिडियाला विकायचं जाहीर केलं आणि कंपनीकडून नवे ड्रायव्हर येणं बंद झालं. लोकांच्या घरातली कार्डं धडधाकट होती. पण विंडोज एक्सपी आलं आणि त्यावर ती नीट चालवायला हौशी मंडळींना स्वतः ड्रायव्हर जुळवत बसावं लागलं. सेकंड हँड कार्ड घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. एनव्हिडियानं २०२१ मध्ये केप्लर पिढीच्या, म्हणजे जीटीएक्स ६०० आणि ७०० मालिकेतल्या बहुतेक कार्डांना नव्या गेमचे ड्रायव्हर देणं थांबवलं. असं कार्ड स्वस्त मिळतं, चालू असतं, पण नवा गेम त्यावर रुसला तर दाद मागायला जागा नाही.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत आहे, पण माझ्या मते जास्त मोठी आहे. त्याच वर्षी विंडोज एनटी ४.० आलं. आधीच्या एनटीमध्ये खिडक्या आणि चित्रं रंगवणारा बराचसा भाग कर्नलच्या बाहेर होता. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचं देवघर, तिथे सगळ्यांना प्रवेश नसतो. बाहेरून आत निरोप पाठवायला वेळ लागायचा, म्हणून वेगासाठी मायक्रोसॉफ्टनं हा भाग कर्नलच्या आत नेला, आणि त्याच्याबरोबर ग्राफिक्स ड्रायव्हरही आत आला. मी रोज कोड लिहितो, म्हणून सांगतो, दुसऱ्या कंपनीचा कोड कर्नलमध्ये चालवणं म्हणजे भाडेकरूला तिजोरीची किल्ली देणं. आता ड्रायव्हरमधली एक चूक अख्खा संगणक आडवा करू शकत होती. ऑफिसातल्या मशीनवर हे खपलं. पण २००१ मध्ये एक्सपी आलं, तेही याच एनटीच्या पायावर, आणि निळी स्क्रीन घरोघरी पोचली.

त्याच २००१ मधला एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. एटीआयचं रेडिऑन ८५०० नवीन होतं आणि क्वेक ३ मध्ये झकास फ्रेम रेट देत होतं. परीक्षण करणाऱ्यांना संशय आला. त्यांनी गेमच्या प्रोग्राममध्ये 'क्वेक' या नावाच्या जागी 'क्वॅक' केलं. बस, एवढंच. लगेच वेग घसरला आणि चित्राचा दर्जा सुधारला! म्हणजे ड्रायव्हर गेमचं नाव बघून गुपचूप टेक्श्चरचा दर्जा कमी करत होता. एनव्हिडियाही काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. २००३ मध्ये थ्रीडीमार्क ०३ या चाचणीत तिच्या ड्रायव्हरवर असाच आरोप झाला. आज गेमनुसार ड्रायव्हर बदलणं हा उघड धंदा आहे. 'गेम रेडी' ड्रायव्हर म्हणतात तो हाच. त्यात नव्या गेमसाठी खास फेरफार असतात, पण त्या फेरफारांच्या नादात जुना गेम बिघडू शकतो. त्यामुळे "लेटेस्ट ड्रायव्हर टाक" हा सल्ला सरसकट बरोबर नाही. काल चालत होतं, अपडेटनंतर आज चालत नाही, असं असेल तर पहिला उपाय म्हणजे मागच्या आवृत्तीवर जाणं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये रोलबॅकचं बटण त्यासाठीच आहे.

आता येतो खरा धुमाकूळ, विस्टा. ३० जानेवारी २००७. कर्नलमधल्या भाडेकरूचा बंदोबस्त करायचं मायक्रोसॉफ्टनं ठरवलं आणि ड्रायव्हरची रचनाच बदलली. मोठा, गुंतागुंतीचा भाग कर्नलच्या बाहेर काढला, लहान भाग आत ठेवला. कल्पना उत्तम होती, पण त्यासाठी सगळ्या कंपन्यांना ड्रायव्हर नव्यानं लिहावे लागले, आणि ते वेळेत पिकले नाहीत.

यातून झालेला गोंधळ कोर्टात उघडा पडला. 'विस्टा केपेबल' असा स्टिकर लावून अशा मशीन विकल्या गेल्या ज्यांवर विस्टाचं चकचकीत रूप चालतच नव्हतं. इंटेलच्या ९१५ चिपसेटला तर नव्या रचनेचा ड्रायव्हरच नव्हता, तरी स्टिकर मिळाला. सिएटलमधल्या खटल्यात २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टचे आतले ईमेल जाहीर झाले. त्यात खुद्द कंपनीच्या एका उपाध्यक्षानं तक्रार केली होती की २,१०० डॉलरचा लॅपटॉप घेतला आणि तो फक्त ईमेल बघण्यापुरता उरला. त्याच कागदांत एक तक्ता होता. २००७ मध्ये नोंदवलेल्या विस्टाच्या क्रॅशपैकी जवळपास २९ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमुळे, सुमारे १८ टक्के मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या कोडमुळे, एटीआय आणि इंटेल प्रत्येकी ९ टक्क्यांच्या आसपास. हा आकडा इंटरनेटवर अजून एनव्हिडियाच्या तोंडावर मारला जातो. मला तो थोडा अन्यायाचा वाटतो. ज्याची कार्डं जास्त, त्याचे क्रॅशही जास्त दिसणार. पण एवढं खरं की तेव्हा हजारो लोकांनी संगणकाला शिव्या घातल्या आणि दोषी होता ड्रायव्हर.

विस्टानं एक चांगली गोष्ट दिली, आणि आपली काळी स्क्रीन तिचीच देणगी आहे. तिचं नाव टीडीआर. कार्डाला काम दिलं आणि दोन सेकंदांत उत्तर आलं नाही, तर विंडोज समजतं की कार्ड अडकलंय. मग ते कार्ड आणि ड्रायव्हर रीसेट करतं. तेवढा वेळ स्क्रीन काळी. म्हणजे जे बघून आपण घाबरतो, तो खरं तर पीसी वाचवण्याचा प्रयत्न असतो. एक्सपीमध्ये तिथेच सगळं गोठलं असतं किंवा निळी स्क्रीन आली असती. मिनिटभरात पुन्हा पुन्हा असं झालं की मात्र विंडोज हात टेकतं आणि निळी स्क्रीन देतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद सापडली तर समजा टीडीआर झालाय. आणि स्क्रीन काळी होऊन अडकलीच तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकत्र दाबून बघा, त्यानं ग्राफिक्स ड्रायव्हर रीसेट होतो.

बाकीचं पटकन सांगतो. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाला १९६.७५ हा ड्रायव्हर मागे घ्यावा लागला, कारण त्यानं काही कार्डांच्या पंख्याचा वेगच बिघडवला आणि कार्डं तापली. सॉफ्टवेअरनं हार्डवेअर बिघडत नाही असं म्हणणाऱ्यांना हे सांगा. २०१५ मध्ये विंडोज १० आलं आणि विंडोज अपडेट स्वतःच्या मनानं ड्रायव्हर बदलू लागलं. म्हणूनच डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे डीडीयू, वापरताना दोन पथ्यं सांगतात: सेफ मोडमध्ये जा आणि इंटरनेट तोडा. नाहीतर इकडे तुम्ही ड्रायव्हर पुसताय आणि तिकडून विंडोज दुसरा चढवतंय. २०२५ च्या सुरुवातीला आरटीएक्स ५० मालिकेवरही काळ्या स्क्रीनच्या तक्रारी आल्या आणि एनव्हिडियाला एकामागून एक हॉटफिक्स काढावे लागले. तेव्हा हा विषय जुना झालाय असं नाही.

सेटिंगचं काय? लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात आणि गेम कधी कधी कमजोर ग्राफिक्सवर चालू होतो. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये त्या गेमपुढे 'हाय परफॉर्मन्स' निवडा. डेस्कटॉपवर आधी मागे वाकून बघा, मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डला तर लावलेली नाही ना? हसू नका, हे फार कॉमन आहे. आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन सेटिंगमध्ये ६० तर ठेवलेलं नाही ना, तेही बघा.

आता मूळ प्रश्न, कार्ड की ड्रायव्हर. पीसी चालू करताच बायॉसच्या स्क्रीनवर बघा. तिथे विंडोजचा ड्रायव्हर अजून आलेलाच नसतो. तिथेच ठिपके, रेघा, रंगांचा चिखल दिसत असेल तर ड्रायव्हर निर्दोष, मग केबल आणि मॉनिटर बदलून बघा, आणि तरीही तेच असेल तर कार्डाचं दुखणं आहे. तिथे स्वच्छ आणि विंडोजमध्ये गोंधळ, तर ड्रायव्हरवर संशय. डीडीयूनं पुसा, एक जुनी आवृत्ती टाका, दोन दिवस वापरा. फक्त एक अडचण आहे. बायॉसमध्ये आणि सेफ मोडमध्ये कार्डाला कष्टाचं काम नसतं, त्यामुळे तापल्यावर किंवा जोर लावल्यावरच बिघडणारं कार्ड तिथे शहाण्यासारखं वागतं. दोन-तीन वेगवेगळ्या आवृत्त्यांवरही गेममध्ये तेच होत असेल तर पॉवर सप्लाय बघा, आणि शेवटी कार्ड एखाद्या मित्राच्या पीसीत लावून बघा. तिथेही पडलं तर मात्र दुकानदार बरोबर होता.

आणि दुकानात जायचंच असेल तर पैसे देण्याआधी त्याला विचारा, "दुसऱ्या मशीनवर लावून बघितलंत का?" पॉवर सप्लायवर पुढच्या भागात बोलू. चला, भेटू!