निरक्षरता म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे

१९७५ मध्ये अमेरिकेत मार्शल व सुसान फोल्स्टीन आणि पॉल मॅकह्यू यांनी आकलनक्षमतेची ३० गुणांची छोटी चाचणी मांडली. तीत वाचणे व वाक्य लिहिणेही होते; साहजिकच मेंदू धडधाकट असूनही निरक्षर वृद्धाचे गुण कमी पडत. हरियाणातील बल्लभगढच्या ग्रामीण वृद्धांसाठी मेरी गांगुली, विजय चंद्रा आणि सहकाऱ्यांनी घडवलेली हिंदी चाचणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘डोळे मिटा’ हे वाचण्याऐवजी परीक्षकाचे पाहून डोळे मिटायचे. शब्दाची अक्षरे उलटी सांगण्याऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायचे. एमआरआय मेंदूची झीज दाखवतो. परंतु त्या यंत्रापर्यंत कोणी जावे, हे पुष्कळदा अशी चाचणीच सुचवते. म्हणून आधी मोजपट्टी तपासावी लागते.