माणसांचा बाजार आणि छायाचित्राची साक्ष

चोरीचा माल हाती लागला म्हणजे चोरी सिद्ध होते. माणसाच्या चोरीचे तसे नाही. नोकरीचे वा लग्नाचे आमिष दाखवून नेलेली मुलगी शहराच्या भरवस्तीत, सर्वांच्या डोळ्यांदेखत वावरत असते. परंतु ती तेथे कशी आली हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेले नसते. या व्यापाराविरुद्ध लोकमत जागे करू पाहणाऱ्यांनी म्हणूनच शतकभराहून अधिक काळ छायाचित्राचा आधार घेतला आहे. हा आधार कितपत खरा ठरला आणि ज्यांच्या नावाने तो घेतला गेला त्यांच्या पदरात काय पडले, हा प्रश्न आपल्या पुण्याच्या इतिहासालाही चिकटलेला आहे.

पंडिता रमाबाईंचे शारदा सदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झाले आणि १८९० साली पुण्यास आले. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. दुष्काळाच्या वणवणीतच त्यांनी स्वतःचे आई-वडील व थोरली बहीण गमावली होती. भुकेने बेजार झालेल्या निराधार मुली व बालविधवा यांच्यामागे वेश्यागृहांचे हस्तक कसे टपून बसतात, हे त्यांनी तेथे पाहिले आणि जगासमोर मांडले. दुष्काळ हा दलालांचा सुगीचा हंगाम असतो, हे कटू सत्य त्यांना उमगले होते. सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्यामुळे त्यांची सोय केडगावच्या माळावर करावी लागली. तेथेच ‘मुक्ती’ उभी राहिली. फसवल्या व नाडल्या गेलेल्या स्त्रियांसाठी पुढे कृपासदनही निघाले. १९०० साली गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या जणींच्या मुखी घास घालायचा तर परदेशातील दात्यांना विश्वास वाटला पाहिजे. इंग्लंड-अमेरिकेतील मिशनच्या नियतकालिकांतून व पुस्तकांतून मुक्तीतील मुलींची छायाचित्रे छापली जात, ती याच गरजेतून. त्या चित्रांनी अन्न आणले, वस्त्रे आणली, इमारती उभ्या केल्या. हे ऋण नाकारता येणार नाही.

मात्र त्याच काळातील दुसरी एक घटना चित्राची मर्यादाही दाखवते. शारदा सदनातील एक मुलगी प्लेगच्या रुग्णालयात नेल्यानंतर नाहीशी झाल्याची तक्रार रमाबाईंनी १८९७ साली ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रात जाहीरपणे मांडली. सरकारने त्यांचे कथन मान्य केले नाही. प्लेगच्या त्या दिवसांत कॅमेरा काही निद्रिस्त नव्हता. मुंबईत कॅप्टन मॉस आदींनी काढलेल्या चित्रांचा मोठा संग्रह आजही उपलब्ध आहे. त्यात रुग्णालये आहेत, खाटा आहेत, तपासणीची पथके आहेत. परंतु कॅमेरा सत्तेच्या बाजूने उभा राहिला की त्याला व्यवस्था दिसते. नाहीशी झालेली मुलगी दिसत नाही. तिच्यासाठी एका स्त्रीच्या लेखणीवाचून दुसरी साक्ष नव्हती.

दयेपोटी काढलेले चित्रही फसवू शकते. लंडनमधील डॉ. बार्नार्डो आपल्या अनाथाश्रमातील मुलांची ‘पूर्वी’ व ‘नंतर’ अशी जोडचित्रे विकत असत. पूर्वीच्या चित्रातील दैन्य मुद्दाम वाढवल्याचा आरोप त्यांच्यावर झाला. १८७७ साली लवादाने आश्रमाच्या कार्याची बाजू उचलून धरली, पण अशा बनावट चित्रांबद्दल त्यांना दोष दिला. हेतू चांगला होता, म्हणून असत्य क्षम्य ठरले नाही.

याउलट दोन उदाहरणे आदर्शवत आहेत. १९०४ साली काँगोमध्ये ॲलिस हॅरिस या मिशनरी स्त्रीने न्साला नावाच्या पित्याचे छायाचित्र घेतले. रबर-कंपनीच्या पहारेकऱ्यांनी मारलेल्या आपल्या चिमुरडीचा तोडलेला हात व पाय समोर ठेवून तो सुन्न बसला आहे. अशी चित्रे मॅजिक लँटर्नच्या साहाय्याने इंग्लंड-अमेरिकेतील सभागृहांत दाखवण्यात आली. लोकमताचा रेटा वाढत गेला आणि १९०८ साली राजा लिओपोल्डला काँगोवरील खासगी सत्ता सोडावी लागली. त्याच वर्षापासून अमेरिकेत लुईस हाइन गिरण्यांतील व खाणींतील बालमजुरांची चित्रे काढू लागले. आपल्या कोटाच्या गुंड्यांशी मुलांची उंची ताडून पाहत ते वय, काम व तास यांची टिपणे ठेवत. या दोघांच्याही चित्रांना नाव, गाव, दिवस आणि अपराध्याचा पत्ता होता. त्यामुळे पाहणारा केवळ हळहळला नाही; त्याला जाब कोणाला विचारायचा हे कळले.

आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत गाजलेली चित्रे मेरी एलन मार्क या अमेरिकन छायाचित्रकार स्त्रीने १९७८ साली मुंबईच्या फॉकलंड रोडवर, म्हणजे आजच्या पठ्ठे बापूराव मार्गावर काढली. त्याआधी दहा वर्षे ती तेथे चित्र घेऊ पाहत होती. स्त्रिया तिला हाकलून लावत. अखेर महिनोन्‌महिने तेथे जाऊन, ओळखी वाढवून तिने काम केले. १९८१ साली पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातील स्त्रिया केवळ दीनवाण्या नाहीत. त्या हसतात, रागावतात, मुलांना खेळवतात. परंतु गावाकडील दलाल, त्याच्या हाती पडलेले पैसे, मुलीला विकणारा आप्त, हे सारे चौकटीबाहेरच राहते. व्यापाराचे मूळ गावात असते आणि चित्र मात्र गल्लीचे निघते. पुण्याच्या बुधवार पेठेकडे पाहतानाही हीच गफलत होते. तेथील खिडक्या सर्वांना ठाऊक असतात. त्या मुली ज्या कोरड्या शिवारातून व कर्जबाजारी घरांतून आलेल्या असतात, तिकडे कोणी वळत नाही.

आज कायदाही या विषयात सावध झाला आहे. राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने माणसांच्या व्यापारास बंदी घातली. १९५६ साली स्वतंत्र कायदा आला. २०१२ चा पोक्सो कायदा व २०१५ चा बालन्याय कायदा पीडित बालकाची ओळख उघड करणारे छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई करतात. हा निर्बंध जनजागृतीच्या आड येतो असे काहींना वाटेल. पण सुटका झालेल्या मुलीला उद्या याच समाजात लग्न करायचे असते, नोकरी मागायची असते. तिचे चित्र तिच्याआधी गावात पोहोचले, तर सुटका ही दुसरी शिक्षा ठरते.

गुलामीत विकल्या गेलेल्या सुदानच्या संत जोसेफिन बखिता हिच्या सणाचा ८ फेब्रुवारी हा दिवस २०१५ पासून मनुष्यव्यापाराविरुद्ध जागतिक प्रार्थनादिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने धर्मग्रामांत चित्रप्रदर्शने भरवता येतील. भरवणाऱ्यांनी प्रत्येक चित्राला तीन प्रश्न विचारावेत. चित्रातील व्यक्तीने समजून-उमजून संमती दिली आहे का? अपराध कोणी केला, हे चित्राखालच्या मजकुरात आहे का? आणि पाहून झाल्यावर करण्याजोगे काही सांगितले आहे का? मोठ्या पगाराचे आमिष दाखवून मुलीला परगावी नेऊ पाहणाऱ्याची चौकशी करावी, बालकांसाठी असलेला १०९८ हा दूरध्वनी मुलांना पाठ करून द्यावा, एवढे तरी प्रत्येक घराला जमण्यासारखे आहे. मुक्तीच्या चित्रांनी दात्यांचे खिसे उघडले हे खरे. पण केडगावच्या मुली वाचल्या त्या चित्रांमुळे नव्हेत, तर दलाल पोहोचण्याआधी कोणीतरी बैलगाडी व आगगाडीने त्यांच्यापर्यंत जाऊन पोहोचले म्हणून.