व्हिडिओ गेम समीक्षेचा इतिहास : गुणांकन, मतभेद आणि कलामूल्याचा प्रश्न

प्रस्तावना :

कोणतीही कला समाजात स्थिरावली की तिच्यामागोमाग तिची समीक्षा येते. नाटक, कादंबरी आणि चित्रपट यांच्या बाबतीत हे घडले. व्हिडिओ गेम हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उदयास आलेला प्रकारही त्यास अपवाद नाही. मात्र या समीक्षेची वाटचाल इतर कलांच्या समीक्षेपेक्षा वेगळी झाली. येथे समीक्षक प्रथम ग्राहकाचा सल्लागार म्हणून उभा राहिला, त्यानंतर तो परीक्षकाप्रमाणे गुण देऊ लागला आणि अर्थाचा शोध घेणारा भाष्यकार तो बऱ्याच उशिरा झाला. या तीन भूमिकांतील ताण आजही संपलेला नाही.

उत्तम म्हणून नावाजलेल्या खेळांविषयी समीक्षकांनी काय म्हटले, हा प्रश्न वरवर पाहता केवळ अभिरुचीचा वाटतो. परंतु या मतांवर खेळ रचणाऱ्या कारागिरांचे मानधन अवलंबून राहिले आहे. शिवाय जुनी यंत्रे निकामी झाल्यावर त्या खेळांविषयी जो पुरावा उरतो, त्यात समीक्षकाच्या लेखनाचे स्थान मोठे आहे. म्हणून या मतांचा इतिहास अभ्यासणे आवश्यक ठरते.

उद्दिष्टे :

१. व्हिडिओ गेम समीक्षेच्या उदयाचा व विकासाचा आढावा घेणे.
२. गुणांकन पद्धतीचे स्वरूप व तिचे परिणाम तपासणे.
३. विविध प्रकारांतील निवडक नावाजलेल्या खेळांविषयीच्या समीक्षकीय मतांचे विश्लेषण करणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. कोडी, डावपेच, नेमबाजी आणि साहस या प्रकारांतील प्रातिनिधिक खेळ विचारात घेतले आहेत.

विषय विवेचन :

१) नियतकालिकांचा उदय

अमेरिकेत आर्नी कॅट्झ व बिल कंकेल यांनी १९७९ च्या सुमारास ‘व्हिडिओ’ या मासिकात ‘आर्केड ॲली’ हे सदर सुरू केले. व्हिडिओ गेमविषयीच्या नियमित परीक्षणाचा हा आरंभकाळ होय. पुढे १९८१ मध्ये याच दोघांनी जॉइस वर्ली यांच्यासह ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स’ हे स्वतंत्र मासिक काढले. त्याच वर्षी अमेरिकेत ‘कॉम्प्युटर गेमिंग वर्ल्ड’ आणि इंग्लंडमध्ये ‘कॉम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स’ ही नियतकालिके निघाली.

या लेखनाचा मुख्य हेतू व्यावहारिक होता. खेळ महाग असत आणि विकत घेण्यापूर्वी ते पाहण्याची सोय बहुधा नसे. वेष्टनावरील आकर्षक चित्र आणि आतील खेळ यांत मोठी तफावत असे. १९८३ मध्ये अमेरिकेतील हा व्यवसाय कोसळला. निकृष्ट खेळांचा सुळसुळाट हे त्यामागील एक महत्त्वाचे कारण मानले जाते. ‘अटारी’ कंपनीचा ‘ई.टी.’ (१९८२) हा खेळ त्या अपयशाचे प्रतीक ठरला. त्याच्या न खपलेल्या प्रती न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे पुरण्यात आल्या होत्या आणि २०१४ मध्ये त्या उकरून काढण्यात आल्या. घसरणीची झळ समीक्षेलाही बसली. ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स’ हे मासिक १९८५ मध्ये बंद पडले.

२) गुणांकनाची रूढी

इंग्लंडमधील ‘क्रॅश’ (१९८४) या मासिकाने एकाच खेळावर एकाहून अधिक परीक्षकांचे अभिप्राय आणि टक्केवारीतील गुण देण्याची पद्धत लोकप्रिय केली. जपानमध्ये १९८६ साली सुरू झालेल्या ‘फामित्सू’ या नियतकालिकाने चार परीक्षकांनी प्रत्येकी दहापैकी गुण द्यावेत अशी रीत पाडली. चाळीसपैकी चाळीस गुण पहिल्यांदा १९९८ साली ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ऑकरिना ऑफ टाइम’ या साहसी खेळाला मिळाले. त्यानंतर १९९९ मध्ये ‘सोलकॅलिबर’ या द्वंद्वयुद्धाच्या आणि २००० मध्ये ‘वेग्रन्ट स्टोरी’ या भूमिकाप्रधान खेळाला हा मान लाभला. पूर्ण गुण मिळण्यास बारा वर्षे लागावीत, यावरून आरंभीच्या परीक्षकांची कसोटी किती कठोर होती हे दिसते. पुढील दशकांत पूर्ण गुण मिळवणाऱ्या खेळांची संख्या वाढत गेली.

गुणांकनाची मर्यादा दाखवणारे एक उदाहरण लक्षणीय आहे. इंग्लंडमधील ‘एज’ या मासिकाने १९९४ साली ‘डूम’ या नेमबाजीच्या खेळाला दहापैकी सात गुण दिले. राक्षसांना केवळ गोळ्या घालण्याऐवजी त्यांच्याशी बोलता आले असते, मैत्री करता आली असती तर, अशी इच्छा परीक्षकाने व्यक्त केली होती. या विधानाची वाचकांनी पुढे अनेक वर्षे थट्टा केली. ‘डूम’ची गती व रचना यांनी पुढील नेमबाजीच्या खेळांचे स्वरूप ठरवले हे खरे. परंतु शत्रूशी संवाद साधण्याची मुभा देणारे खेळ कालांतराने निर्माण झाले आणि नावाजलेही गेले. त्यामुळे त्या परीक्षकाचे निदान चुकले असले, तरी त्याची अपेक्षा निरर्थक नव्हती असेच म्हणावे लागते. सात या आकड्यातून मात्र यातले काहीच कळत नाही.

३) अर्थनिर्णयाचा वाद : ‘टेट्रिस’ आणि ‘सिव्हिलायझेशन’

‘टेट्रिस’ हा कोड्याचा खेळ अलेक्सी पाझितनोव्ह यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यात मॉस्को येथे रचला. वरून पडणारे ठोकळे जुळवून ओळी पूर्ण करणे एवढेच त्यात करायचे असते. सर्व समीक्षकांनी वाखाणलेल्या या खेळावरून अभ्यासकांत मात्र तीव्र मतभेद झाले. जॅनेट मरे यांनी १९९७ मधील आपल्या ग्रंथात हा खेळ म्हणजे १९९० च्या दशकातील अमेरिकी माणसाच्या कामाने खचाखच भरलेल्या आयुष्याचे प्रतिरूप आहे, असा अर्थ लावला. एक काम हातावेगळे करावे तोच दुसरे येऊन पडावे, असा तो अनुभव. २००१ मध्ये एस्पेन आर्सेथ यांच्या संपादकत्वाखाली ‘गेम स्टडीज’ हे संशोधन नियतकालिक सुरू झाले. त्याच्या पहिल्याच अंकात मार्क्कू एस्केलिनेन यांनी या अर्थावर कडाडून टीका केली. खेळाचे नियम व त्यांची घडण न अभ्यासता समीक्षक आपल्या मनातील आशय त्यावर लादतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता.

मराठी साहित्य समीक्षेत आशय आणि घाट यांविषयी झालेल्या चर्चेशी परिचित असलेल्या अभ्यासकास हा वाद अनोळखी वाटणार नाही. दोन्ही बाजूंना काही बळ आहे. सोव्हिएत रशियात जन्मलेल्या खेळात अमेरिकी नोकरदाराचे जीवन रचनाकाराने हेतुतः मांडले असे म्हणता येत नाही. पण खेळणाऱ्यास जो अनुभव येतो तो त्याच्या काळापासून अलिप्त असतो, असेही म्हणता येत नाही.

सिड मायर व ब्रूस शेली यांचा ‘सिव्हिलायझेशन’ (१९९१) हा डावपेचांचा खेळ याच चर्चेला इतिहासाच्या क्षेत्रात नेतो. ‘कॉम्प्युटर गेमिंग वर्ल्ड’ने १९९६ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट खेळांच्या यादीत पहिले स्थान दिले. अश्मयुगापासून अवकाशयुगापर्यंतचा पट, प्रत्येक निर्णयाचे दूरगामी परिणाम आणि पुनःपुन्हा खेळावेसे वाटावे अशी घडण ही त्याच्या स्तुतीची कारणे होती. नंतरच्या अभ्यासकांनी मात्र त्यातील इतिहासदृष्टीवर बोट ठेवले. प्रगती एकाच ठरावीक मार्गाने होते, भूमी रिकामी असून ती व्यापण्यासाठीच आहे आणि सर्व संस्कृतींचे ध्येय सारखेच असते, ही गृहीतके खेळाच्या नियमांतच विणलेली आहेत. खेळ रंजक असणे आणि त्यातील इतिहास निर्दोष असणे या दोन वेगळ्या बाबी होत, हे भान या टीकेने दिले.

याच खेळातील महात्मा गांधी अण्वस्त्रे वापरण्यास उत्सुक असतात आणि त्यामागे गणकयंत्राच्या आज्ञावलीतील एक चूक आहे, अशी कथा पुढे सर्वदूर पसरली. मायर यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात मूळ खेळात अशी चूक नव्हतीच, असे स्पष्ट केले. २०१० मधील पाचव्या आवृत्तीत मात्र गांधींचा हा कल विनोद म्हणून मुद्दाम ठेवण्यात आला होता. ऐकीव माहिती वारंवार सांगितली गेली की ती पुरावा वाटू लागते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

४) दोष दाखवूनही गौरव : ‘शॅडो ऑफ द कोलॉसस’ आणि ‘बायोशॉक’

फुमितो उएदा यांच्या ‘शॅडो ऑफ द कोलॉसस’ (२००५) या खेळात नायक मृत तरुणीला जिवंत करण्यासाठी सोळा महाकाय प्राण्यांचा वध करतो. निर्मनुष्य भूमीतील एकाकीपण आणि प्रत्येक विजयानंतर मनात उरणारी अपराधी भावना यांचे समीक्षकांनी कौतुक केले. त्याच वेळी दृश्यांची अडखळती गती व कॅमेऱ्याची गैरसोय हे दोषही स्पष्टपणे नोंदवले. यंत्राच्या दृष्टीने उणा आणि अनुभवाच्या दृष्टीने थोर अशा कृतीस एकच आकडा कसा लावावा, हा प्रश्न येथे ठळकपणे पुढे आला.

‘बायोशॉक’ (२००७) या समुद्रतळावरील नगरीत घडणाऱ्या नेमबाजीच्या खेळावर सर्वत्र स्तुतीचा वर्षाव झाला. आयन रँड यांच्या स्वार्थवादी तत्त्वज्ञानाची त्यात चिकित्सा आहे. मात्र खेळांचे रचनाकार क्लिंट हॉकिंग यांनी त्याच वर्षी एक मूलगामी आक्षेप घेतला. खेळाचे नियम खेळणाऱ्याला स्वतःचे हित साधण्याची वाट खुली ठेवतात, पण कथा त्याला दुसऱ्याच्या सांगण्याप्रमाणे वागण्यास भाग पाडते. नियम एक सांगतात आणि कथा दुसरेच सांगते. या विसंगतीसाठी त्यांनी योजलेली संज्ञा पुढे समीक्षेच्या परिभाषेत रूढ झाली. समीक्षेने खेळाकडे पाहण्याची स्वतःची परिभाषा घडवल्याचे हे महत्त्वाचे उदाहरण होय.

५) सरासरीचे राज्य आणि तिचे परिणाम

२००१ मध्ये सुरू झालेल्या ‘मेटाक्रिटिक’ने विविध परीक्षकांच्या गुणांची भारित सरासरी काढण्यास प्रारंभ केला. ‘ऑकरिना ऑफ टाइम’ची ९९ ही सरासरी तेथील सर्वोच्च ठरली. कोणत्या परीक्षकाच्या मतास किती भार द्यायचा, हे मात्र ‘मेटाक्रिटिक’ने उघड केले नाही. तरीही व्यवसायाने ही सरासरी प्रमाण मानली. ‘फॉलआउट : न्यू वेगास’ (२०१०) या खेळाचे एक प्रमुख रचनाकार ख्रिस ॲव्हलोन यांनी २०१२ मध्ये सांगितल्याप्रमाणे, सरासरी ८५ झाल्यास त्यांच्या संस्थेला अधिक मोबदला मिळणार होता. प्रत्यक्षात ती ८४ भरली. एका गुणाने श्रमाचे मोल ठरावे, ही बाब विचार करावयास लावणारी आहे.

या पद्धतीविरुद्ध प्रतिक्रियाही उमटल्या. ‘युरोगेमर’ने २०१५ मध्ये गुण देणे थांबवले. परंतु २०२३ मध्ये त्याने पाच ताऱ्यांची पद्धत स्वीकारली. आकड्याचा मोह सहजासहजी सुटत नाही, हेच यातून दिसते. दुसरीकडे ‘द लास्ट ऑफ अस : भाग दोन’ (२०२०) या खेळाची समीक्षकांनी प्रशंसा केली असताना, प्रकाशनानंतर काही तासांतच असंख्य ग्राहकांनी त्यास नीचांकी गुण दिले. पूर्ण करण्यास वीसहून अधिक तास लागणारा खेळ इतक्या अवधीत खेळून होणे शक्य नव्हते. त्यानंतर ‘मेटाक्रिटिक’ने ग्राहकांच्या गुणांसाठी प्रकाशनानंतर ३६ तासांची प्रतीक्षा बंधनकारक केली.

६) कलामूल्याची मान्यता

चित्रपट समीक्षक रॉजर एबर्ट यांनी २००५ मध्ये आणि पुन्हा २०१० मध्ये व्हिडिओ गेम ही कला होऊ शकत नाही, असे मत मांडले. मात्र आपण पुरेसे खेळ न खेळताच हे विधान केले, याची कबुलीही त्यांनी २०१० मध्येच दिली. २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ग्रंथ, नाटक व चित्रपट यांच्याप्रमाणे व्हिडिओ गेमलाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण असल्याचा निर्णय दिला. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ‘पॅक-मॅन’ व ‘टेट्रिस’ यांसह १४ खेळ आपल्या संग्रहात घेतले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने पुणे येथील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेचा ‘राजी : ॲन एन्शन्ट एपिक’ (२०२०) हा खेळ उल्लेखनीय आहे. भारतीय पुराणकथा, राजस्थानी वास्तुकला आणि लघुचित्रांची शैली यांवर आधारलेल्या या खेळाच्या दृश्यरूपाची परदेशी समीक्षकांनी प्रशंसा केली. लढतींतील उणिवा आणि अल्प लांबी यांबद्दल नापसंतीही दर्शवली. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्कृष्ट पदार्पणाच्या नामांकनांत त्याचा समावेश होता. पौराणिक संदर्भांची जाण असलेला भारतीय वाचक या खेळात निराळे काही पाहू शकेल. त्यासाठी भारतीय भाषांतील समीक्षेची गरज आहे.

७) समीक्षा : इतिहासाचे साधन

‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार अमेरिकेत प्रकाशित झालेले ८७ टक्के जुने खेळ बाजारात उपलब्ध नाहीत. अशा स्थितीत जुन्या नियतकालिकांतील परीक्षणे हे प्रथम दर्जाचे साधन ठरते. याच संस्थेने २०२५ मध्ये दीड हजारांहून अधिक जुने अंक अभ्यासकांसाठी खुले केले. याउलट, गुणांच्या सरासरीची नोंद ठेवणारे ‘गेमरँकिंग्ज’ २०१९ च्या अखेरीस बंद झाले. खेळ कसा होता, तो खेळताना काय वाटले, हे आकडा सांगत नाही, ते शब्दच सांगतात.

निष्कर्ष :

१. व्हिडिओ गेम समीक्षेचा उगम ग्राहकहितात असून अर्थनिर्णयाकडे तिचा प्रवास हळूहळू झाला.
२. गुणांकनामुळे तुलना सुलभ झाली, परंतु मतभेदांची कारणे झाकली गेली आणि निर्मात्यांच्या मोबदल्यावरही त्याचा परिणाम झाला.
३. नावाजलेल्या खेळांविषयीची टिकाऊ मते केवळ स्तुतीची नाहीत. दोषांची कारणमीमांसा करणारी मतेच पुढील चर्चेस उपयोगी पडली.
४. मूळ खेळ दुर्मीळ होत असताना समीक्षालेखनाचे जतन हे इतिहासलेखनाच्या दृष्टीने निकडीचे कार्य आहे.

समारोप :

नाट्य व चित्रपट समीक्षेची समृद्ध परंपरा असलेल्या मराठीला हे क्षेत्र परके राहण्याचे कारण नाही. महाविद्यालयांत शिकणाऱ्या पिढीचा मोठा वेळ या खेळांत जातो. त्या अनुभवाविषयी विवेकाने बोलण्याची भाषा तिला मिळवून देणे, हे साहित्य, इतिहास व समाजशास्त्र यांच्या अध्यापकांचेही काम आहे.