शेजारणीने हातात ठेवलेले पैसे



शेजारणीचं एखादं काम आपण करून देतो. तिच्या लेकराला दोन तास सांभाळतो, तिचा निरोप कुणाकडे पोचवतो, आजारपणात औषधपाणी बघतो. मग एके दिवशी ती आपल्या मुठीत नोटा कोंबते. आपण म्हणतो, "अगं, हे काय भलतंच!" ती म्हणते, "नाही हं, घ्यावेच लागतील." दारातच ओढाताण होते. शेवटी दोघींपैकी एकीचं चालतं, पण मनात मात्र दोघींच्याही काहीतरी खुपत राहतं.

हा प्रश्न फ्लॅट संस्कृतीतला वाटतो. पण आपल्या आचारग्रंथांनी त्याचा विचार फार पूर्वी केलेला आहे, तोही नेमकी हीच तीन कामं घेऊन.

चौका लावताना मुनींच्या आहाराच्या छेचाळीस दोषांचा उल्लेख आपण ऐकतो. आपलं लक्ष बहुतेक दात्याकडून घडणाऱ्या दोषांकडे असतं, कारण धास्ती आपल्याला असते. पण 'मूलाचार' ग्रंथाच्या पिंडशुद्धी अधिकारात १६ उद्गम दोषांच्या पाठोपाठ १६ उत्पादन दोष येतात, आणि हे मुनींच्या बाजूने घडणारे आहेत. त्यातला पहिलाच दोष 'धात्री'. धात्री म्हणजे दाई. ग्रंथात दायांचे पाच प्रकार सांगितले आहेत : बाळाला न्हाऊ घालणारी, नटवणारी, खेळवणारी, दूध पाजणारी आणि जवळ घेऊन निजवणारी. मुनींनी गृहस्थाच्या बाळासाठी असं काही केलं किंवा सांगितलं आणि त्यावर खूश होऊन त्या घराने आहार दिला, तर तो आहार सदोष. दुसरा दोष 'दूत'. विहार करताना एका गावचा निरोप दुसऱ्या गावच्या नातलगांना पोचवला आणि त्या आनंदात आहार मिळाला, तर तोही सदोष. सहावा 'चिकित्सा', म्हणजे कुणाचं दुखणं बरं केलं आणि त्यापोटी आहार मिळाला तो. श्वेतांबर परंपरेतल्या 'पिंडनिर्युक्ती'त एकूण दोषांची मोजदाद थोडी वेगळी आहे, पण उत्पादन दोष तिथेही १६च आणि ही तिन्ही नावं तिथेही आहेत.

मूल सांभाळणं, निरोप पोचवणं, औषधपाणी बघणं. शेजारधर्माची यादीच म्हणा ना!

ही कामं वाईट आहेत असं त्यात कुठेही नाही. अडचण आहे ती त्याच्या मोबदल्यात ताट वाढलं जाण्याची. मग तो आहार दान राहत नाही, मजुरी होते. घर श्रद्धेने वाढत नाही, फेड म्हणून वाढतं. मुनींचंही लक्ष स्वाध्यायाऐवजी कुणाचं काय अडलंय तिकडे जायला लागतं. नियम इतका बारीक आहे की आहाराच्या आधी दात्याची स्तुती करणं हा एक दोष आणि आहारानंतर स्तुती करणं हा दुसरा. मुनी आभारसुद्धा मानत नाहीत, यामागचं कारण हे.

आता आपल्यातल्या कितीतरी जणी नकळत हाच नियम स्वतःला लावतात. "मी धर्म म्हणून केलं, मला काही नको." ऐकायला छान वाटतं. पण मुनींनी घर सोडलंय, आपण घरात आहोत. मुनी गावात राहिले तरी गावाच्या देण्याघेण्यात नसतात, आणि आपण तर सकाळी विरजणासाठी चमचाभर दही मागायला शेजारी जातो. गृहस्थासाठी आपल्या आचार्यांनी दुसरीच यादी दिली आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी राजा कुमारपालासाठी 'योगशास्त्र' लिहिलं. त्याच्या पहिल्या प्रकाशात सद्गृहस्थाचे ३५ गुण आहेत. घर कुठे असावं, तर चांगल्या शेजारात, हे त्यात आहे. गृहस्थ परोपकारात तत्पर असावा हे आहे, आणि तो कृतज्ञ असावा हेही आहे. पुढच्या शतकात पंडित आशाधरांनी 'सागारधर्मामृता'त श्रावकाची लक्षणं दिली, त्यातही 'कृतज्ञ' हा शब्द आहेच. आता माझं म्हणणं असं, की कृतज्ञता हा गुण जसा माझा तसा शेजारणीचाही आहे. ती दाखवायला ती माझ्या दारात आली आणि मी तिला तशीच परत पाठवली, तर माझा परोपकार शाबूत राहिला, पण तिच्या गुणाचं काय झालं?

आपल्या आज्या-पणज्यांनी ही पंचाईत ग्रंथ न वाचताच सोडवली होती. कोल्हापूर, सांगली, बेळगावकडचे आपले बरेच लोक पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी. त्या भागात, आणि एकूणच महाराष्ट्रात, सावड होती. एकाकडे एकच बैल, दुसऱ्याकडे एकच, म्हणून दोघांनी मिळून जोडी करायची आणि आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात. माणसांचंही तसंच. तुझ्या भांगलणीला मी एक दिवस, माझ्या भांगलणीला तू एक दिवस. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही. काम फारच मागे पडलं, घरात आजारपण आलं किंवा बैल गेला, तर इर्जिक घालायची. गावातले लोक आपापली औतं घेऊन यायचे, दिवसभरात रान नांगरून द्यायचे आणि घरधन्याने त्यांना जेवू घालायचं. जैनाघरी अर्थातच दिवस मावळायच्या आत. या जेवणाला कुणी नाही म्हणत नसे. नको म्हणणं हा अपमान होता. ज्याच्यावर वेळ आली आहे त्याने जेवायला घातलं की तो मदत घेणारा राहत नव्हता, यजमान होत होता. मला ही गोष्ट फार शहाणपणाची वाटते.

बायकांची सावड म्हणजे उन्हाळ्यातले पापड. आज हिच्या ओसरीवर, उद्या तिच्या. लाटणं आपलं, पोळपाट आपला, आणि मेहनताना म्हणजे तेलात बुडवून खाल्लेल्या लाट्या. शिवाय शेजारच्या घरून आलेली वाटी रिकामी परत द्यायची नाही, हा नियम. साखर घाला, लिंबू ठेवा, मूठभर शेंगदाणे घाला, पण काहीतरी हवं. (आमच्या वाटीत काय घातलेलं चालत नाही हे जुन्या शेजारणींना तोंडपाठ असायचं. कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, चातुर्मासात पालेभाजी नाही. बिचाऱ्या शेवटी साखरेवर यायच्या.) या सगळ्यात फेड होती, पण ती लगेच नव्हती, तेवढ्याला तेवढी नव्हती आणि कधी पूर्णही होत नव्हती. थोडं इकडे, थोडं तिकडे बाकी राहायचंच, आणि त्या बाकीवरच जाणं-येणं चालायचं.

जुनं ते सगळं सोनं, असं मात्र मी म्हणणार नाही. त्याच गावात बलुतंही होतं. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा' पुस्तकात त्याचं सविस्तर वर्णन आहे. वर्षभर काम करायचं आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा घ्यायचा. वरून पाहिलं तर तेही पैशाविना देणंघेणं. पण काम नाकारायची सोय नाही, वाटा वाढवून मागायची सोय नाही आणि जात सुटत नाही, तिथे शेजारधर्म कसला? महार वतनाच्या जोखडातून माणसं सुटावीत म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं, ते याचसाठी. ही गोष्ट आपल्या घराशीही जोडून पाहावी. कामाला येणाऱ्या बाईंना "एवढी पालेभाजी निवडून द्या ना" म्हणायचं आणि जाताना कालची पोळी हातावर ठेवायची, याला मदतीची देवाणघेवाण म्हणता येत नाही. ज्या बाईला आपल्याला नाही म्हणता येत नाही तिच्या कामाचे पैसेच द्यायचे, आणि ते आधी ठरवून.

मग शेजारणीला लगेच रोख पैसे देऊन मोकळं व्हावंसं का वाटतं? त्यालाही इतिहास आहे असं मला वाटतं. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात रयतवारी आली, आणि पीक येवो न येवो, शेतसारा ठरल्या वेळी रोख भरायची सक्ती झाली. रोख पैसा होता सावकाराकडे. कर्ज कागदावर चढलं आणि कागद कोर्टात जायला लागला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी, भर बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत हे लोण पोचलं. माणसांना मारण्यापेक्षा दस्तऐवज हिसकावून जाळणं हा लोकांचा मुख्य रोख होता. ज्यांच्या वह्या जळल्या ते बहुतेक मारवाडी आणि गुजर सावकार, आणि त्यांत आपले जैनही होते. ही गोष्ट आपल्याकडे कुणी सांगत नाही, पण सांगायला हवी. दंग्यांनंतर १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा झाला. पण शेजारी राहणारा माणूसच एक दिवस वही घेऊन दारात उभा राहू शकतो, ही धास्ती काही कायद्याने जात नाही.

मराठीत यासाठी किती नेमका शब्द आहे बघा : मिंधा. "कुणाचं मिंधं राहायचं नाही" हे वाक्य आपण सगळ्यांनी घरात ऐकलेलं आहे. त्याच्या समोरचा शब्द 'उतराई'. मिंधेपणात मान खाली जाते, उतराई झाल्यावर ती वर येते. शेजारीण पैसे पुढे करते तेव्हा ती आपली किंमत करत नसते, मान वर करून आपल्याशी बोलता यावं म्हणून ती धडपडत असते.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यांत थेंब घालायला मी महिनाभर दिवसातून चार वेळा जात होते. शेवटच्या दिवशी त्यांनी पाचशेची नोट आणि वर एक रुपयाचं नाणं माझ्या हातावर ठेवलं. मला ते नको होते. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि मी घेतले. अकरा, एकवीस, एकशेएक, पाचशेएक असा वरचा रुपया आपण ठेवतो तो हिशेब बंद होऊ नये म्हणून, असं जुनी माणसं सांगतात. त्या रुपयाने मजुरीचा आहेर होतो. जुन्या बायका सुईणीला पैशांबरोबर लुगडं-चोळी द्यायच्या, तेही त्यासाठीच.

"मंदिराच्या दानपेटीत टाकायचे ना," असं एक मैत्रीण म्हणाली. पुष्कळ जणी तसं करतात आणि त्यात वाईट काही नाही. पण मला ती थोडी पळवाट वाटते. वरून घेतले, आतून नाकारले, आणि पुण्य मात्र माझ्या खात्यावर! दान करायचं तर ते माझ्या कमाईतून करीन. आजींनी मला दिलं होतं, दानपेटीला नाही.

हे सगळीकडे असंच करावं असं नाही. समोरचीची ओढाताण चाललेली दिसत असेल तर नोट तिच्याच लेकराच्या हातात खाऊसाठी ठेवावी, तिला कमीपणा येत नाही. आणि रोजचं काम असेल, दोन वेळचा डबा किंवा मुलाला शाळेतून आणणं, तर दर सरळ बोलून ठरवावा. "बघू गं, दे काहीतरी" या बोलण्याने जितक्या शेजारणी दुरावल्या असतील तितक्या भांडणाने दुरावल्या नसतील.

आजींच्या पैशांतून मी पायरी हापूस आणले. आमरस केला आणि झाकणाचा डबा भरून त्यांना दिला. तिसऱ्या दिवशी डबा परत आला तो गुळाच्या शेंगदाणा लाडवांनी भरून. सध्या तो माझ्या ओट्यावर आहे, आणि त्यात आता काय घालावं याचा विचार चाललाय.